प्लस तुझ्याकडे, मायनस माझ्याकडे

जिनिव्हा, ९ सप्टेंबर १९९६

रेजिस,

फोन केला की तू ठेवतोस. फॅक्स केला की तुझी सेक्रेटरी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं उलट कळवते. म्हणून कागदावर लिहितेय. तू पाकीट उघडलंस की शेवटपर्यंत वाचतोस, मग ते वीजबिल का असेना, एवढं मी तुला ओळखते.

घटस्फोटाला चार वर्षं झाली. त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. लिहायचंय ते जोस्यानबद्दल.

जोस्यान रुदाज, माझी विद्यार्थिनी. तिचा प्रबंध तुला परीक्षक म्हणून पाठवला होता. पाच वर्षांचं काम, आणि त्यावर तुझी एक ओळ: "कल्चरमध्ये निरोगी वाणाची भेसळ झालेली दिसते, ही शंका फिटेपर्यंत मौखिक परीक्षेला माझी संमती नाही." उंटावरून शेळ्या हाकणं तुला पहिल्यापासून छान जमतं. पॅरिसमध्ये खुर्चीत बसून, तिचं एकही कल्चर डोळ्यांनी न बघता तुला भेसळ दिसली.

तिची मौखिक परीक्षा तेरा डिसेंबरला आहे. बाझेलला तिला जागा मिळालीय, पण पदवी हातात असेल तर. तुझी सही नसेल तर परीक्षा वसंतावर जाईल आणि जागा दुसऱ्या कुणाच्या घशात. परीक्षक बदलता आला असता तर मी कधीच बदलला असता. पण या एका जनुकावर काम करणारी माणसं जगात किती? त्यातली दोन एकेकाळी एकाच घरात राहत होती, हे त्या पोरीचं नशीब.

तुला शिकवायला नको, तरी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते तसं सांगते, कारण तुझ्या ओळीवरून तू मुद्दा विसरलास असं वाटतं. आपल्या शैवालाच्या हरितलवकात स्वतःची थोडी जनुकं आहेत, पण कारभार त्याच्या हातात नाही. जनुकाचा संदेश निघाला तरी केंद्रकाकडून आलेलं मदतनीस प्रथिन त्या संदेशाच्या तोंडाशी येऊन बसलं तरच तो टिकतो. नाहीतर जागच्या जागी त्याचे तुकडे होतात. आपल्या म्युटंटमध्ये ते मदतनीस प्रथिनच नाही. म्हणून तो उजेडावर जगत नाही, अंधुक जागी ॲसिटेट खाऊन कसाबसा तग धरतो. जोस्यानला त्या म्युटंटमध्ये एक पेशी सापडली, जी मदतनीस नसतानाही उजेडावर जगते. तिचं म्हणणं, बदल लवकाच्या स्वतःच्या जनुकात झालाय, संदेशाच्या तोंडाशी, आणि आता त्याला राखणदार लागत नाही. जनुकातलं बदललेलं अक्षरही तिनं दाखवलंय. तू म्हणतोस ते योगायोगानं असेल.

आता तूच सांग, आणखी काय केलं म्हणजे तुझं समाधान होईल? एका ओळीत नको. नीट सांग.

मातिल्द


जिनिव्हा, २३ सप्टेंबर

रेजिस,

कार्ड मिळालं. "उलटा संकर कुठे आहे?" या वेळी ओळसुद्धा पुरी नाही. पण मान्य करते, प्रश्न बरोबर आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्यामुळेच.

केंद्रकातलं ते जनुक अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही, तेव्हा संकर हाच पुरावा. सुलटा संकर जोस्याननं केलाय. संकराला एक प्लस आणि एक मायनस जातीची पेशी लागते. तिची सुधारलेली पेशी प्लस, आपण एकत्र असतानाच्या म्युटंटमधली, आणि इथला म्युटंट मायनस. केंद्रकातलं जनुक चार पोरांपैकी दोघांनाच मिळतं. लवकाचं मात्र प्लस पालकाकडूनच येतं आणि चौघांना मिळतं. तिची चारही पोरं उजेडावर जगली. उलट्या संकरात त्याच पोरांतली एक मायनस घ्यायची आणि प्लस बाजूला म्युटंट. तेव्हा एकही जगायला नको. एकही जगलं नाही तर बदल लवकातच आहे, बोलणंच खुंटलं. आणि तुझं खरं असेल, म्हणजे तिच्याकडे निरोगी पेशीच घुसली असेल, तर दोन जगतील, दोन मरतील.

अडचण एवढीच की प्लस म्युटंट माझ्याकडे नाही. आठवतंय ना? पियानो मी ठेवला, फ्रिज तू नेलास, आणि वाण वाटून घेतले. प्लस तुझ्याकडे, मायनस माझ्याकडे. मी म्हटलं होतं, दोघांकडेही दोन्ही राहू देत, दोन प्लेटा जास्त लागतील फक्त. तू म्हणालास, वाटणी म्हणजे वाटणी. वकीलसुद्धा हसला होता.

निरोगी प्लसशी संकर करून मी इथे नवा प्लस म्युटंट तयार करू शकते. पण तू म्हणशील, जिनिव्हाचा माल, भेसळीचा. म्हणून तुझाच पाठव. तुझ्या स्वतःच्या हातचा. मग निकाल काहीही लागो, कुणाला तोंड उघडायला जागा नको. काळ्या कागदात गुंडाळ, टपालात ऊन लागलं तर मरेल बिचारा.

मातिल्द


जिनिव्हा, १७ ऑक्टोबर

रेजिस,

तुझी नळी व्यवस्थित पोचली होती. काळा कागद, वर कापूस, त्यावर तुझं ते सरळ अक्षर. व्यवस्थितपणात तुझा हात कुणी धरणार नाही. इकडे कडाक्याचं बीझ वारं सुटलंय, सरोवराकाठचे कठडे बर्फानं पांढरे होतील असं लोक म्हणतात, मला काही तसं वाटत नाही. कारूझच्या बाजारात नाशपाती आल्या आहेत.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. निकाल आलाय. येऊन काही दिवस झाले, मी तुला कळवला नाही.

दोन जगली, दोन मेली.

एकदा नाही, जिथे जिथे चारही पोरं नीट वेगळी झाली तिथे सगळीकडे हेच. तू म्हणाला होतास तसंच. जोस्यान प्लेटांकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "बस जरा." ती म्हणाली, "मादाम, पाच वर्षं मी भेसळ सांभाळत होते का?" मग ती पाणी प्यायला म्हणून गेली आणि कोट घेऊन थेट घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा व्हालेहून फोन आला, पोरगी जेवत नाही म्हणून.

तुला आनंद झाला असेल असं लिहिणार होते. पण तू तसा नाहीस हे मला माहीत आहे, आणि आज तरी मी खोटं बोलणार नाही. तू बरोबर होतास की काय या विचारानं माझी झोप उडालीय. तू बरोबर असलास तर मी पाच वर्षं एका मुलीला चुकीच्या रस्त्यानं चालवलं.

प्रबंध मागे घ्यायचा अर्ज तिनं लिहून माझ्या टेबलावर ठेवलाय. मी तो अजून पुढे पाठवलेला नाही. थोडे दिवस थांब, कुणाशी बोलू नकोस. एवढंच मागते.

मातिल्द


जिनिव्हा, २४ ऑक्टोबर

रेजिस,

आता बस आणि वाच.

सुलट्या संकरात चारही जगली होती ना? भेसळ असती तर तिथेही दोनच जगायला हवी होती. हा काटा माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून गेले पाच दिवस सगळे पालक एकेकटे उजेडात ठेवून पाहिले, ॲसिटेटशिवाय. जोस्यानच्या पेशी जगल्या, जगायलाच हव्यात. माझा मायनस म्युटंट पांढरा पडून मेला, मरायलाच हवा. आणि तुझा प्लस म्युटंट, जो उजेडात एक दिवस टिकायला नको, तो असा तरारून आलाय की बघत राहावं.

एवढी साधी गोष्ट आम्ही आधीच का केली नाही, असं तू विचारशील. कारण वाण तुझ्याकडून आला होता. रेजिस देलोर्मचा वाण तपासायचा म्हणजे त्याचा अपमान, असं इथे सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं.

तुझा म्युटंट म्युटंट राहिलेलाच नाही. त्याचं मदतनीस प्रथिन परत आलंय. आमची दोन जगलेली पोरं तुझ्याकडची आहेत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आणि हे कसं झालं तेही सांगते, कारण मी तुला बाजारात पाहिलंय. दर महिन्याला जुन्या प्लेटवरून एक ठिपका उचलून नव्या प्लेटवर लावायचा. तू कुणाला हात लावू देत नाहीस, स्वतः निवडतोस. आणि तू कधी आयुष्यात डागाळलेलं सफरचंद उचललंयस का? ढिगातलं सगळ्यात चकचकीत तेच तुझ्या पिशवीत. इथे तर रोगटच उचलायचा असतो. फिकट, पिवळसर, खुरटलेला, तोच खरा. एखादी पेशी केव्हातरी आपोआप सुधारली, जरा जास्त हिरवी झाली, आणि तू तीच उचललीस. पुढच्या महिन्यात पुन्हा. तुझी प्लेट छान दिसायला लागली आणि वाण हातातून गेला.

याचा अर्थ तुला माझ्याआधी कळला असेल. वसंतात तू लिहिलंस ना, कडक उजेडात हरितलवक मदतनिसाशिवायही संदेश टिकवतं म्हणून? सगळीकडे वाहवा झाली. जानेवारीत तुला संस्थेचा संचालक करणार आहेत तेही त्याच जोरावर, असं इथपर्यंत ऐकू आलंय. अरे बाबा, मदतनीस तिथे होतंच.

आता माझं म्हणणं ऐक. तू सही कर. जोस्यान प्रबंधात लिहील की उलटा संकर तांत्रिक कारणानं होऊ शकला नाही. तुझ्या वाणाबद्दल मी कुठेही चकार शब्द काढणार नाही. तुझं तू बघ. मला फक्त ती मुलगी वेळेत बाझेलला पोचायला हवी.

मातिल्द


जिनिव्हा, २८ ऑक्टोबर

रेजिस,

मागच्या पत्रातला शेवटचा भाग फाडून टाक. उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस.

तो सौदा मी जोस्यानला सांगितला. वाटलं, पोरीच्या जिवावरचं ओझं उतरेल. ती हातमोजे काढत होती. एक काढला आणि तशीच थांबली.

"म्हणजे संकर झालाच नाही असं मी लिहायचं?"

"तांत्रिक कारणानं होऊ शकला नाही."

"झाला की. प्लेटा समोर आहेत."

"जोस्यान, व्यवहार बघ जरा. पुढच्या वर्षी कुणाला आठवणार आहे?"

"मला आठवेल, मादाम. आणि मस्यू देलोर्मनी एवढंच विचारलंय की उलटा संकर दाखवा. तो न दाखवता पास व्हायचं, तर त्यांचं म्हणणंच खरं होतं असं होईल." मग म्हणाली, "आमच्या बाबांनी गाळलेली द्राक्षाची दारू एका वर्षी बिघडली होती. चांगल्या पिंपात मिसळून खपवा म्हणून काका मागे लागले होते. बाबांनी ओढ्यात ओतली. सहा महिने घरात कुणी धड बोलत नव्हतं. मला तेव्हा बाबांचाच राग आला होता."

मी चौपन्न वर्षांची आहे, रेजिस. माझे कान गरम झाले.

मग तिनंच रस्ता काढला. म्हणाली, जी दोन पोरं उजेडात मेली, त्यांच्याच पेशींची दुसरी प्रत अंधुक जागी ॲसिटेटवर जिवंत आहे. त्यांच्यात मदतनीस नाही, आणि त्यांचं लवक प्लस पालकाकडून म्हणजे पॅरिसच्या वाणातून आलंय, न बदललेलं. त्यातली काही प्लस जातीची असणारच. तोच आपला हरवलेला प्लस म्युटंट. त्याच्याशी पुन्हा संकर करू. मस्यू देलोर्मच्याच वाणाची पोरं आहेत, तेव्हा जिनिव्हाचा माल असं कुणी म्हणणार नाही.

अर्ज तिनं टेबलावरून उचलून नेला. संकर आज लावला. वेळ अगदी काठावर आहे, पहिल्या खेपेला पेशी जुळल्या नाहीत तर संपलं. तुझ्या वाणाची सगळी हकीकत ती प्रबंधात लिहिणार आहे. मी अडवणार नाही. तुला आधी कळावं म्हणून कळवतेय, धमकी म्हणून नाही.

मातिल्द


जिनिव्हा, २५ नोव्हेंबर

रेजिस,

एकही नाही.

पहिल्या खेपेला पेशी जुळल्याच नाहीत, ते मी तुला लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा लावलं. आज सकाळी दिव्याखालच्या प्लेटा काढल्या. एकावर एक, सगळ्या कोऱ्या. ॲसिटेटच्या प्लेटांवर तीच पोरं जिवंत आहेत, म्हणजे मेलेलीच उचलली असंही नाही. जोस्याननं प्रत्येक प्लेट खिडकीशी धरून तिरकी करून पाहिली, मग भिंगाखाली. रिकाम्या प्लेटांकडे बघून माणूस इतका खूश होतो हे तिच्या आईला कधी पटणार नाही.

बदल लवकातच आहे. मदतनिसाशिवाय संदेश टिकतो, कारण संदेशच बदललाय. तिचं खरं आहे.

पण सही तुझी हवी. विद्याशाखेनं शेवटची तारीख दिलीय, येता शुक्रवार. आणि तुझ्याकडून महिनाभर काहीही नाही. दुपारी जोस्याननं माझ्याच टेबलावरून तुला फोन लावला, आणि तिचा आवाज ऐकून तू फोन ठेवला नाहीस. मी समोर होते, मला एकच बाजू ऐकू आली.

"हो, मस्यू. सगळ्या कोऱ्या… नाही मस्यू, तुमच्याच वाणाची पोरं… हो, पालक एकेकटे ठेवून पाहिले, या वेळी सगळे… नाही, मस्यू, ते मी वगळू शकत नाही." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला तुमचं नुकसान करायचं नाहीये. मला फक्त काय झालं ते लिहायचंय."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "विचारत होते की फिकट ठिपके नेमके किती फिकट दिसतात."

यावरून मी काय समजायचं? सही करणार आहेस की नाही? मला तुझी भीती वाटतेय, रेजिस. तू वाईट माणूस आहेस म्हणून नाही. तुला संचालक व्हायचं होतं ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलेय. एवढं हातातोंडाशी आलेलं कोण सोडेल? मी सोडलं असतं का, हे स्वतःला विचारून पाहिलं.

मातिल्द


जिनिव्हा, १४ डिसेंबर

रेजिस,

काल तू काय बोललास ते तुला सांगायला नको. पण आमच्या बाजूनं कसं दिसलं ते सांगते, कारण तू कुणाकडे न बघता निघून गेलास.

सही आली तेव्हा मला वाटलं, सही करून घरी बसशील. मग तू दारात दिसलास. वाटलं, आता सगळ्यांसमोर तिची सालं काढणार. जोस्याननं पडद्यावर 'बाहेरून मिळालेला वाण' एवढंच लिहिलं होतं. प्रबंधात सगळं आहे, पण सभागृहात तुझं नाव घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, मला न विचारता.

तुझी पाळी आली. तू म्हणालास, "कुठून मिळालेला?"

ती पुढचं चित्र लावायला वळली.

"मादमोझेल रुदाज, परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. कुठून?"

"पॅरिसहून, मस्यू. तुमच्याकडून."

"आणि निवडत कोण होतं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली, काय करणार. मग तू उठून लोकांकडे वळलास आणि तुझ्या त्या वर्गात शिकवायच्या आवाजात म्हणालास, मी निवडत होतो, दर महिन्याला, सगळ्यात हिरवा तो. माझा वसंतातला निबंध चुकीचा आहे, तो मी मागे घेतलाय, आणि जानेवारीच्या जागेसाठीचं माझं नावही. तुमच्या प्रश्नांचा वेळ मी खाल्ला, माफ करा. आणि खाली बसलास. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकानं हातातलं पेन टेबलावर ठेवलं, तो आवाजसुद्धा ऐकू आला.

जोस्यानची आई माझ्या शेजारी होती, मांडीवर वाळवलेलं मांस आणि राय धान्याचा पाव यांची पिशवी. तिला आमची भाषा कळते, आमचं शास्त्र कळत नाही. कानात म्हणाली, "हा कोण? नापास करतोय का तिला?" मी म्हटलं, "नाही हो. पास करतोय." ती म्हणाली, "मग चेहरा असा का?" मी म्हटलं, "नंतर सांगते."

निकालानंतर सगळे एस्कालाद सणाचं चॉकलेटचं मडकं फोडायला जमले. सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात लहानानं मिळून फोडायचं, तर मोठा तूच होतास. तुला शोधलं तर तुझा कोट नव्हता. मी सगळ्यांना तसंच उभं ठेवून निघाले, ट्रामची वाट न बघता चालत, मग चक्क पळत, या वयात, त्या टाचांच्या बुटांत. कॉर्नाव्हँ स्टेशनला पोचले तर पॅरिसच्या गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जात होता.

जे सांगायला पळत आले होते ते फार मोठं नव्हतं. तुझ्याशी लग्न केलं होतं याचा मला काल अभिमान वाटला.

मातिल्द